चरीचा संप आणि सरकारची कबुलायत



चरीच्या संपाची ओळख आपल्या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने करून द्यावी असे नाही. अलिबागच्या खारेपाटात ज्यांच्या वाडवडिलांनी शेती केली, त्यांच्या घरी ही हकीकत कोणत्या ना कोणत्या रूपाने आलेली आहेच. तथापि खोत आणि कुळे यांच्यातील एक स्थानिक झगडा एवढ्याच दृष्टीने आपण तिच्याकडे पाहतो. त्या संपातील मागण्या आणि पुढे जगातील राष्ट्रांनी मान्य केलेला एक करार यांचे नाते किती निकटचे आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खोत हा सरकार आणि कसणारा यांच्या मधला वसुलीचा धनी. गावाचा सारा त्याने सरकारात भरावयाचा आणि कुळांकडून भाताचा खंड घ्यावयाचा. खंडाखेरीज वरकड हक्क आणि वेठ ही निराळीच. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की बाकी वाढे आणि त्या बाकीपायी कूळ अधिकच जखडले जाई. शिवाय कुळाकडून कबुलायत लिहून घेतलेली असे. तीत कुळाने काय काय द्यावयाचे ते तपशीलवार असे. कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क कोणता, याविषयी मात्र अक्षर नसे.

या स्थितीविरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी येथे शेतकऱ्यांनी संप पुकारला. सुमारे २५ गावांतील कुळांनी, त्यांत आपल्या आगरी बांधवांबरोबर इतर ज्ञातींच्या लोकांनीही, खोताची जमीन कसण्याचे नाकारले. एक नव्हे, दोन नव्हे, सहा वर्षे शेते ओस राहिली. लाकूडफाटा विकून आणि खाडीतील मासळीवर लोकांनी दिवस काढले. डिसेंबर १९३४ मध्ये चरी येथे भरलेल्या शेतकरी परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. त्यांनीच १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरीस येऊन परिस्थिती पाहिली, आणि १९३९ साली संप मिटला. त्याच वर्षी कुळकायदा झाला. १९४८ साली अधिक व्यापक कायदा आला. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्या कुळास मालक मानण्याचा ठरला.

आता दृष्टी थोडी दूर नेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्याच कलमात केवळ पुरुषवाचक शब्द न राहता ‘सर्व मानव’ असा अर्थ यावा, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी धरला होता. त्या जाहीरनाम्यास कराराचे बळ देण्यासाठी १६ डिसेंबर १९६६ रोजी आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार संमत झाला. ३ जानेवारी १९७६ पासून तो अमलात आला आणि १० एप्रिल १९७९ रोजी भारताने त्यात प्रवेश केला.

या कराराची कलमे वाचताना चरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सातव्या कलमात कामाचा न्याय्य मोबदला आहे. आठव्यात संघटनेचा आणि संपाचा हक्क आहे. अकराव्यात भुकेपासून मुक्तता हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क मानून, त्यासाठी शेतजमिनीच्या व्यवस्थेत सुधारणा करण्याचाही उल्लेख आहे. बारावे आरोग्याचे, तेरावे शिक्षणाचे. पूर्वी कुळाने खोतास कबुलायत लिहून दिली. येथे सरकारनेच जगासमक्ष आपल्या प्रजाजनांस कबुलायत लिहून दिली आहे.

अर्थात तिच्यातील अटीही नीट वाचल्या पाहिजेत. हे हक्क उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत, क्रमाक्रमाने पुरे करावयाचे आहेत. आठवे कलम राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमास धरूनच लागू होईल, असे भारताने प्रवेशाच्या वेळीच नमूद केले. नागरिकशास्त्राच्या तासाला मुले मला विचारीत, ‘गुरुजी, मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही, मग ती लिहिली कशाला?’ या कराराविषयीही तोच प्रश्न उद्भवतो. उत्तर असे की सरकारला आपल्या कामाचा अहवाल जिनिव्हा येथील अठरा तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवावा लागतो. मे २००८ मध्ये भारताच्या अहवालाची अशी छाननी झाली. ती समिती कोणास शिक्षा करू शकत नाही. परंतु उणिवा लेखी दाखविल्या जातात, आणि त्या कोणासही वाचता येतात. देशातही पावले पडली आहेत. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २००२ च्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मूलभूत हक्क झाले. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मी कर्तव्य समजतो. हा करार जन्मावरून भेद मानीत नाही. ज्यांचे नाव कूळ म्हणून लागले, त्यांस जमीन मिळाली. आपल्यापैकी अनेकांची घरे त्यावर उभी राहिली, मुले शिकली. परंतु आपल्याच शेजारच्या वाड्यांतील कातकरी बांधव बहुतांशी भूमिहीनच राहिले. कित्येकांच्या झोपडीखालची जागाही दुसऱ्याच्या नावावर असते. वाडवडिलांच्या संपाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी, त्यांची मागणी ही आपल्याच मागणीचा उरलेला भाग होय, हे ओळखले पाहिजे.

शेवटी मंडळास दोन नम्र सूचना. ज्यांच्या पेटीत जुन्या कबुलायती, खंडाच्या पावत्या, संपकाळची पत्रे असतील, त्यांनी त्यांच्या प्रती मंडळाकडे द्याव्यात. पुढील पिढीस दाखविण्यासारखा याहून चांगला ठेवा नाही. दुसरे, विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात या कराराच्या कलमांचा मराठी सारांश प्रत्येक मुलाच्या हाती द्यावा. आपल्या आजोबांना लिहून दिलेला कागद वाचता येत नव्हता, नातवंडांना येतो. त्यांनी तो वाचावा, एवढीच इच्छा.