४४०बीएक्सची कारकीर्द

संगणकाच्या इतिहासात प्रोसेसरांची नावे ठळक अक्षरांत लिहिली जातात; परंतु ज्या मदरबोर्डाच्या आश्रयाने प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड आपापले काम बजावतात, त्याची नोंद तपशिलाच्या एखाद्या कलमात उरकली जाते, आणि ही उपेक्षा मदरबोर्डाचा कारभार हाकणाऱ्या इंटेलच्या ४४०बीएक्स या चिपसेटाच्याही वाट्याला यावी, हे मला अन्यायाचे वाटते. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या या चिपसेटाने प्रोसेसरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला, हे त्याचे सर्वमान्य श्रेय. पण जुने खेळ त्या काळच्याच यंत्रावर खेळू पाहणाऱ्यांना तो आज प्रिय आहे, त्याचे कारण निराळे आहे.

ते असे, की त्यावर आधारलेल्या मदरबोर्डांवर दोन राजवटी एकत्र नांदतात. एका बाजूस त्रिमितीय खेळांसाठी नवा एजीपी स्लॉट, तर दुसऱ्या बाजूस आयएसए स्लॉट, ज्याची वंशावळ १९८१ च्या आयबीएम पीसीपर्यंत जाऊन भिडते. डॉसचे खेळ साउंड ब्लास्टर या ध्वनिकार्डाला बहुधा २२० हा पत्ता, इंटरप्ट ५ आणि डीएमए १ या शिरस्त्यानेच हाक मारतात. आयएसए कार्ड ती हाक थेट ऐकते, पीसीआय कार्डाला मात्र मध्ये ड्रायव्हरचा दुभाषा लागतो, आणि त्याला प्रत्येक खेळाची बोली येतेच असे नाही. पुढच्याच वर्षी, ८१० चिपसेटापासून, इंटेलने आयएसएचा आधार काढून घेतला.

या मदरबोर्डाची खरी परीक्षा झाली ती सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरमुळे. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या या प्रोसेसरचा गुणक ४.५ वर कायमचा मुक्रर केलेला होता, म्हणून ६६ च्या बसवर तो ३०० मेगाहर्ट्झने चाले. परंतु ज्यांनी अबिट कंपनीच्या बीएच६ मदरबोर्डावर, जंपरला हात न लावता, बायोसमधल्या सॉफ्टमेनूतून बस १०० वर नेली, त्यांच्यापैकी पुष्कळांना तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर सुखेनैव चालताना दिसला, म्हणजे त्याच महिन्यात आलेल्या महागड्या पेंटियम २ च्या बरोबरीने. सेलेरॉनची कॅश १२८ किलोबाइट, पेंटियमची ५१२. मात्र सेलेरॉनची कॅश प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले आणि पेंटियमची अर्ध्या, त्यामुळे खेळांत दोघांमध्ये फारसे अंतर उरले नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घेण्याची वहिवाट त्या दशकात रुजलीच होती. अशा जुळवणीत खिशाला परवडणाऱ्या प्रोसेसरचे मोल वेगळे सांगायला नको.

असा वाढवलेला वेग मोजण्याचा विषय निघाला, की नॉर्टनसारख्या चाचणी-प्रोग्रॅमच्या निर्देशांकापेक्षा मी प्रत्यक्ष खेळाची साक्ष अधिक ग्राह्य मानतो. डूममध्ये आधी नोंदवलेला डाव यंत्राच्या पूर्ण वेगाने चालवला, की शेवटी गेमटिक्स आणि रिअलटिक्स असे दोन आकडे मिळतात. पहिल्यास ३५ ने गुणून दुसऱ्याने भागले, की दर सेकंदाच्या चित्रांची सरासरी निघते. क्वेकमधला टाइमडेमो तीच सरासरी स्वतःच सांगतो. बायोसमध्ये एका वेळी एकच फेरफार करून ही चाचणी पुन्हा घ्यावी, म्हणजे रॅमच्या वेळा आवळल्याने लाभ झाला की केवळ स्थैर्य गेले, याचा निवाडा होतो.

बस १३३ वर नेण्याचा मोह अनेकांना होतो. नंतरच्या बीएक्स बोर्डांवर पीसीआयसाठी चारने भागण्याची तजवीज आहे, एजीपीसाठी मात्र दोन-तृतीयांशाच्या खाली सोय नाही. परिणामी जिथे ६६ हवेत तिथे ८९ मेगाहर्ट्झ जातात, आणि काही ग्राफिक्स कार्डे ते सोसतात, काही जागीच गोठतात. उलट विंग कमांडरसारखा १९९० चा खेळ या यंत्रावर अनावर वेगाने धावतो, तेव्हा बायोसमधून कॅश बंद करून यंत्राला मुद्दाम मंद करावे लागते. मात्र या सर्वांआधी कपॅसिटर फुगलेले वा गळके नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

४४०बीएक्सचा वारस म्हणून आलेला ८२० चिपसेट महागड्या रॅम्बस स्मृतीच्या पायी रखडला, आणि साधी एसडीरॅम वापरू देणाऱ्या त्याच्या जोडचिपमध्ये दोष निघाल्याने तसले मदरबोर्ड मे २००० मध्ये परत मागवावे लागले. जुना बीएक्स तोवर दुकानांत टिकून होता. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. परंतु व्हीएमवेअरची आभासी यंत्रे आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीची पहिल्या पिढीची यंत्रे आपल्या पोटात जो मदरबोर्ड असल्याचे भासवतात, तो आजही ४४०बीएक्सच आहे.