मधली सावली

दोन सर्व्हरच्या घड्याळांत काही मिलिसेकंदांचा फरक पडला की आम्ही रात्र जागून तो काढतो. पण असाच एक फरक कोणीतरी जपून ठेवला आणि १७ वर्षांनी त्यावर एक नाच उभा राहिला, त्याची ही गोष्ट.

१९६५, सॅन फ्रान्सिस्को. स्टीव्ह राइश या तरुण संगीतकाराकडे रस्त्यावरच्या एका धर्मोपदेशकाचं रेकॉर्डिंग होतं. त्याचे दोन सारखे लूप त्याने दोन टेपरेकॉर्डरवर लावले. मशीनचा वेग अगदी तंतोतंत सारखा नव्हता, त्यामुळे एक आवाज हळूहळू दुसऱ्याच्या पुढे सरकायला लागला. आपण मशीन बदललं असतं. राइश ऐकत बसला, आणि त्यातून 'इट्स गॉना रेन' तयार झालं.

मग त्याला प्रश्न पडला, हे माणसांना जमेल का? एकत्र वाजवायला सगळेच शिकतात, पण ठरवून, हळूहळू सुटायचं कसं? १९६७ च्या 'पियानो फेज'मध्ये दोन पियानो १२ नोट्सचा एकच तुकडा वाजवत राहतात. एक वादक आपला वेग सोडत नाही. दुसरा किंचित वेग वाढवतो, बरोबर एक नोट पुढे गेला की पुन्हा स्थिर होतो. असं बारा वेळा झालं की दोघे परत एकत्र! (मॉड्युलो १२, दुसरं काय.) गंमत म्हणजे मध्येच अशा धुना ऐकू येतात, ज्या दोघांपैकी कोणीच वाजवत नसतो.

आन तेरेसा द केर्समाकर ब्रसेल्सच्या 'मुद्रा'मध्ये शिकली. बॅलेतले दिग्गज मॉरिस बेजार यांनी १९७० मध्ये काढलेली ही शाळा, नाव थेट संस्कृतातलं. १९८१ मध्ये ती न्यूयॉर्कला शिकायला गेली. परत आल्यावर मार्च १९८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिने राइशच्या चार रचनांवर 'फेज' सादर केलं. पहिली अर्थात 'पियानो फेज'. सोबत मिशेल आन द मे.

साधे फ्रॉक घातलेल्या दोघी शेजारी शेजारी गिरक्या घेतात, हात झुलवतात. मोजून चार-दोन हालचाली. मग एक जण किंचित पुढे सरकते. मागच्या पांढऱ्या पडद्यावर दोघींच्या सावल्या पडतात आणि मध्ये एकमेकींवर येतात. दोघी एकत्र असल्या की मधली सावली एकच, गडद. सुटल्या की तिचे दोन तुकडे. पियानोतली ती कोणीच न वाजवलेली धून इथे डोळ्यांना दिसते.

टेपरेकॉर्डर सुटला, कारण त्याला शेजारच्याचा पत्ताच नव्हता. माणसाचं उलट आहे. शेजारी कोणी चालत असलं तरी आपली पावलं नकळत त्याच्याशी जुळतात. तो ओढा रोखून आपली लय धरायची आणि परत भेटायची जागाही चुकवायची नाही, हे खरं अवघड काम. २०१२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये केर्समाकर वयाच्या ५२ व्या वर्षी स्वतः ते करत होती.

थिएरी द मे यांनी २००२ मध्ये यावर फिल्म केली आहे. मिळाली तर हेडफोन लावून बघा. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल. पण मधली सावली दुभंगून पुन्हा जुळेपर्यंत उठू नका.