चौतीस वर्षे एकाच बँकेत

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारांवर चालून गेले. त्यांचा डोळा तिजोरीपेक्षा कर्जखतांवर होता. खते जळाली, परंतु कर्जाची गरज जळाली नाही. पेरणीला बी लागते. बैल मेला तर दुसरा घ्यावा लागतो. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला, १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा. कायद्याने पतपेढी निघते खरी. तिच्यात पैसा कोठून यावा?

पैसा मुंबईत होता. तो खेड्याकडे वळवावा म्हणून १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या खटपटीने बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. पुढे ती प्रांतिक बँक झाली. १९१२ साली लल्लूभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई मेहता तिच्या कारभारात शिरले. वय विशी-एकविशीचे. बापाने काढलेल्या बँकेत मुलाची नेमणूक, हे आम्हां युनियनवाल्यांस खटकते आणि खटकलेच पाहिजे. पण वशिल्याने फार तर खुर्ची मिळते. वैकुंठभाई १९४६ पर्यंत तेथे राहिले.

हे काम होते तरी कसे? मुंबईचा ठेवीदार मुदत भरली की पैसे मागणार. शेतकरी पीक निघाल्यावर देणार. आणि दोघांच्या मध्ये पाऊस. गावच्या सोसायटीत सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. एकाचे थकले की बाकीच्यांच्या घरादारावर गदा. म्हणून बैलासाठी काढलेले कर्ज कोणी लग्नात उडवले, तर ते शेजाऱ्याला आधी कळे. मुंबईच्या टेबलावरून ते दिसत नाही. १९३० नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, कर्जाचा आकडा मात्र तसूभर हलला नाही, आणि सोसायट्यांची थकबाकी फुगली. अशा वेळी जप्तीची घाई केली तर सोसायटी मरते. सूट देत बसले तर ठेवीदार काढता पाय घेतो. येथे हिशेबनिसापेक्षा ओळखीचा माणूस उपयोगी पडतो. दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या चिटणिसाला गिरणीतला कामगार वर्गणी देत नाही, हे आम्ही दारोदार हिंडून शिकलो आहोत. ठेवीचेही तेच.

१९४६ मध्ये वैकुंठभाई खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. मागाहून खादी व ग्रामोद्योगाचे काम त्यांनी पत्करले. १९५४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच साली ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीचा अहवालही बाहेर पडला. देशातला शेतकरी शंभर रुपये कर्ज काढी, त्यांतले सहकारी संस्थांचे जेमतेम तीन. सावकारांचे सुमारे सत्तर! पहिल्या कायद्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. ज्या माणसाने उमेद याच कामी घातली, त्याला हा आकडा कसा वाटला असेल?

अहवालाने इलाज सुचविला तो मोठ्या सोसायट्यांचा. १९६० साली सहकारी पतपुरवठ्याच्या समितीचे अध्यक्ष वैकुंठभाईच होते. त्या समितीने गाव हाच सोसायटीचा पाया ठरविला. माणसे एकमेकांस ओळखतील एवढाच तिचा पसारा असावा, अशी ती दृष्टी. त्यात आम्हांला जुना व्यवस्थापक बोलताना ऐकू येतो. तरी आमचा एक आक्षेप आहे. लहान सोसायटीला पूर्ण वेळेचा पगारी चिटणीस परवडत नाही. मग वही लिहिणारा अर्धवेळचा आणि अर्धपोटी. पाहणीवाल्यांनी मोठी सोसायटी मागितली त्यामागे हेही एक कारण होते, आणि ते खोटे नव्हते. ओळख हवी तर ती सांभाळणाऱ्याचे पोटही भरले पाहिजे. एरवी चौतीस वर्षे एका जागी कोण बसेल? वैकुंठभाईंना ते साधले, कारण त्यांच्या घरी चुलीची काळजी नव्हती.

१९६४ साली ते वारले. पुण्याच्या राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेला त्यांचे नाव दिलेले आहे. त्यांची बँक महाराष्ट्र राज्य सहकारी बँक झाली, आणि २०११ च्या मे महिन्यात तिचे संचालक मंडळ बरखास्त होऊन तेथे प्रशासक बसले. वर्तमानपत्रांनी त्या वेळी संचालकांविषयी पुष्कळ लिहिले. गावोगावच्या सोसायट्यांची दप्तरे मात्र गटसचिवच लिहीत राहिले, आणि त्यांतल्या अनेकांच्या गळ्यात एकाहून अधिक गावांच्या वह्या होत्या.