गंगौलीचे राही

‘महाभारत’ मालिकेची सुरुवात आठवते ना? पडद्यावर माणूस दिसत नाही. फिरणारं विश्व दिसतं आणि काळ स्वतःच बोलू लागतो. 2 ऑक्टोबर 1988 पासून जून 1990 पर्यंत रविवारची सकाळ या मालिकेची होती. तिचे संवाद लिहिले होते डॉ. राही मासूम रझा यांनी. मुसलमानाने महाभारत का लिहावं, अशी पत्रंही तेव्हा आली. उत्तर शोधायचं तर राहींच्या लहानपणाकडे जावं लागतं.

राही उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातले, गाव गंगौली. जन्म 1927 चा, घर शिया जमीनदारांचं. लहानपणी आजाराने एक पाय कायमचा अधू झाला. अंथरुणावर खिळलेल्या या मुलाला ‘तिलिस्मे होशरुबा’च्या गोष्टी सांगायला घरच्यांनी म्हणे खास माणूस ठेवला होता. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून खंडाखंडांनी काढलेली ही उर्दू दास्तान म्हणजे हजारो पानं, जादूगार, बहुरूपी हेर आणि एका गोष्टीच्या पोटातून निघणारी दुसरी गोष्ट! पुढे अलीगढ विद्यापीठात राहींनी पीएच.डी. केली, तीही हिच्यावरच. गोष्ट कुठे थांबवली म्हणजे ऐकणारा उद्या परत येतो, हे ज्याच्या कानात लहानपणीच मुरलं, त्याला मालिका लिहायला वेगळं काय शिकायचं होतं?

1966 मध्ये ‘आधा गाँव’ ही कादंबरी आली. त्यातली गंगौली मोहरम पाळते, भोजपुरी वळणाची उर्दू बोलते आणि मनसोक्त शिव्या देते. पाकिस्तान म्हणजे काय आणि आपलं गाव सोडून तिकडे का जायचं, हेच तिथल्या अनेकांना उमगत नाही. फाळणीवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण एका खेड्याच्या उंबरठ्यावर बसून इतकं रोखठोक लिहिणारे थोडेच.

अलीगढची प्राध्यापकी सुटली आणि राही मुंबईत आले. पोटासाठी सिनेमाचे संवाद लिहू लागले. ‘गोलमाल’मधल्या मिशांच्या घोळाचे संवादही त्यांचेच, हे किती जणांना ठाऊक असेल?

चोप्रांनी ‘महाभारत’साठी विचारलं, तेव्हा वेळ नाही म्हणून राहींनी आधी नकार दिला होता, असं सांगतात. पण विरोधाची ती पत्रं वाचली आणि त्यांनी होकार कळवला. मी गंगेचा मुलगा आहे, मीच लिहीन, असं ते म्हणाल्याची आठवण आजही सांगितली जाते. ‘पिताश्री’, ‘भ्राताश्री’ ही संबोधनं घरोघर पोचली, ती त्यांच्याच लेखणीतून. अब्बाजान, भाईजान म्हणत वाढलेल्या माणसाने त्याच धर्तीवर ती बांधली, असं म्हणतात.