वीज व चुंबक : एका सोयरिकीचा इतिहास

गोंदिया हें नांव डिंक व लाख यांच्या व्यापारावरून पडलें, असें सांगतात. पळस-कुसुमाच्या झाडांवरील लाख गोंड लोक येथें विकावयास आणीत. बांगड्यांमुळें घरोघर परिचित असलेल्या या पदार्थाला विज्ञानाच्या इतिहासांतहि स्थान आहे. इ. स. १८३७ मध्यें मायकेल फॅरडे यानें एकांत एक बसविलेल्या दोन पितळी गोलांच्या मधल्या पोकळींत लाख घालून पाहिली. तेव्हां नुसती हवा असतांना मावे त्याहून अधिक वीज तेथें मावली. ज्यांतून वीज वाहत नाहीं असा पदार्थहि विजेविषयीं उदासीन नसतो, हें त्यावरून सिद्ध झालें.

चुंबक हलविला असतां वीज उत्पन्न होते, हें फॅरडेनेंच १८३१ सालीं दाखविलें होतें. परंतु वीज व चुंबकत्व हीं दोन्ही एकाच स्थिर स्फटिकांत नांदतील काय? तसें घडणें शक्य आहे, असें पिएर क्यूरी यानें १८९४ सालीं स्फटिकांच्या रचनेवरून सुचविलें. पुढें पासष्ट वर्षें प्रत्यय आला नाहीं. १९५९ सालीं झ्यालोशिन्स्की या रशियन पंडितानें क्रोमियम ऑक्साइडकडे बोट दाखविलें, आणि पुढल्याच वर्षीं आस्त्रोव यानें प्रयोगानें तें खरें करून दाखविलें. ज्यांत दोन्ही गुण स्वयंभू असतात, अशा पदार्थांना हान्स श्मिड यांनीं १९९४ सालीं ‘मल्टिफेरॉइक’ हें नांव रूढ केलें.

असे पदार्थ विरळ कां, याचा उलगडा निकोला स्पाल्डिन या विदुषीनें २००० सालीं केला. नेहमींच्या विद्युत्‌-स्फटिकांत धातूच्या अणूचा जो कक्ष रिकामा लागतो, तोच चुंबकत्वासाठीं अर्धवट भरलेला लागतो. बिस्मथ फेराइटमध्यें मात्र दोघांनीं काम वाटून घेतलें आहे : विजेचा गुण बिस्मथचा, चुंबकाचा लोहाचा. तरीहि एक अडचण उरतेच. त्यांतील लोहाचे अणुचुंबक क्रमाक्रमानें वळत जाऊन दर ६२ नॅनोमीटरांत एक फेरा पुरा करतात व परस्परांचा प्रभाव मारतात. (मिलिमीटरचा दहालक्षांश तो नॅनोमीटर.) कण याहून लहान केले तर फेरा पुरा होत नाहीं, आणि लपलेलें चुंबकत्व प्रकट होतें, असें २००७ सालीं आढळून आलें.

हे कण करण्याची एक कृति मोठी साधी आहे. बिस्मथ व लोह यांचीं नायट्रेटें पातळ नायट्रिक आम्लांत विरघळवून, चिंचेला आंबटपणा देणारें टार्टरिक आम्ल त्यांत मिसळतात. द्रावण आटवून उरलेला गाळ सुमारें ६०० अंशांवर भाजतात. आंच अधिक झाली तर बिस्मथ उडून जातो व प्रमाण बिघडतें. सगळें कौशल्य तेथेंच आहे.

मिळणारें चूर्ण तांबूस-तपकिरी असतें, कारण तें प्रकाशांतील जांभळा व निळा भाग शोषून घेतें. पांढऱ्या टिटॅनियम डायऑक्साइडला अदृश्य अतिनील किरण लागतात. याला डोळ्यांस दिसणारा प्रकाश पुरतो. अशा प्रकाशांत हे कण पाण्यांतील रंगद्रव्याचें विघटन करतात, हेंहि प्रयोगांनीं दाखविलें गेलें आहे. रंगकामाच्या सांडपाण्यानें नासणाऱ्या नद्यांच्या देशांत, जेथें ऊन मुबलक आहे, तेथें या गुणाचें मोल सांगावयास नको.

कृतीला भट्टी व काचेचीं भांडीं पुरतात. परीक्षेला मात्र क्ष-किरणांचीं महाग यंत्रें लागतात. म्हणून जिल्ह्याच्या गांवच्या महाविद्यालयांतहि हें काम आरंभितां येतें. तें तडीस जाण्यास मोठ्या प्रयोगशाळांनीं आपलीं दारें उघडीं ठेविलीं पाहिजेत.