मर्दानी विद्येचा पाया

आमच्या नवेगांव बांध येथील तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधिला. पुढें लोकांनीं त्यास देवत्व दिलें आणि कोलासुर या नांवानें तो तळ्याकाठच्या टेकडीवर पुजला जाऊं लागला. बांधावरून फिरणारास पाणी दिसतें. तळाशीं दाबून बसविलेली माती दिसत नाहीं. मर्दानी विद्येचेंहि असेंच आहे. पाहणारास पट्ट्याचे हात दिसतात; त्या हातांखालचें पाऊल कोणी पाहत नाहीं. आज त्या पावलाविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत.

दांडपट्टा चालविणाराचा हात मनगटापासून कोपराकडे लोखंडी आवरणांत बंद असतो. मनगट वळत नाहीं. म्हणून वाराचें बळ खांदा, कंबर आणि पाऊल यांतूनच यावें लागतें. पवित्रा चुकला कीं पट्टा व्यर्थ. याच कारणास्तव तालमींत प्रथम जोर, बैठका व पवित्रे. मग चामडें मढविलेली काठी व लहान ढाल घेऊन फरीगदगा. आणि शेवटीं पातें, असा क्रम असे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळची एक गोष्ट परंपरेनें सांगतात. निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब हे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनीं कुस्तीचें आव्हान दिलें. तें बाळंभटदादा देवधर यांनीं स्वीकारलें. पण तत्काळ न लढतां त्यांनीं मुदत मागितली, सप्तशृंग गडावर जाऊन मेहनत केली, आणि परत येऊन अलीस चीत केलें. गुलाबानें माघार घेतली. मला या कथेंत जयापेक्षां मुदतीचें महत्त्व अधिक वाटतें. आव्हान समोर उभें असतां पुन्हां मुळाकडे वळण्यास मोठें धैर्य लागतें.

मल्लखांबाची आजची विद्या याच बाळंभटदादांच्या नांवाशीं जोडलेली आहे. कुस्तीगिराची पकड, कंबर आणि मांड्या घडविण्याचें हें साधन. खांब डाव करीत नाहीं, थकत नाहीं आणि भीडहि ठेवीत नाहीं. पकड ढिली झाली, कीं शिष्य खालीं येतो.

१८७८ सालीं शस्त्रांचा कायदा झाला आणि परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरलें. तरवारी गेल्या, परंतु काठी आणि पवित्रा यांस परवाना लागत नव्हता. पातें नसतांहि विद्या तगली, ती या पायाभूत अंगांमुळेंच. १९१४ सालीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं आखाडा काढला. तोच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नांवारूपास आला, आणि त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं भारतीय व्यायामप्रकार करून दाखविले.

कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीवर घडलेले. १९४८ सालीं लंडनला त्यांना अपरिचित गादीवर लढावें लागलें. सहावा क्रमांक आला. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. गादी नवी होती, नियम नवे होते. पण मातींत कमावलेलें अंग जुनेंच होतें.

शेवटीं माझी एक चूक कबूल करतों. शिक्षक असतांना एकदां स्नेहसंमेलनासाठीं मीं मुलांकडून पंधरा दिवसांत लाठीचे हात बसवून घेतले. टाळ्या पुष्कळ पडल्या. पुढच्या महिन्यांत त्यांतील एकासहि पवित्रा धड घेतां येईना. दोष मुलांचा नव्हता. मींच त्यांना कळस दिला, पाया दिला नाहीं. आपल्या मुलांस तालमींत धाडणाऱ्या पालकांनीं म्हणून पहिल्या वर्षीं "काय करून दाखवतोस?" असें विचारूं नये, "उभा कसा राहतोस?" एवढेंच विचारावें.