डोंगरांतील राजधानी आणि समुद्राची विद्या

भोर आणि वेल्हें हा मुलूख समुद्राचा नव्हे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून चहूंकडे दृष्टि टाकली तर सह्याद्रीच्या रांगांमागें रांगा दिसतात. गुंजवणी, कानंद, वेळवंडी, नीरा या येथल्या नद्या जवळच्या पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहतात, आणि त्यांचें पाणी भीमा-कृष्णेच्या दूरच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास मिळतें. येथल्या कुणब्याच्या आयुष्यांत भात, नाचणी, वरई आणि गुरें यांना जें स्थान आहे तें गलबतांना नाहीं. असें असूनही मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहावयास घेतला, कीं त्याचें पहिलें प्रकरण याच डोंगरांत सुरू करावें लागतें. कारण ज्या वर्षीं शिवछत्रपतींनीं पहिलीं जहाजें बांधावयास घेतलीं, ज्या वर्षीं मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, आणि ज्या वर्षीं ते स्वतः जहाजावर चढून बसरूरच्या स्वारीस निघाले, त्या सर्व वर्षीं त्यांच्या राज्यकारभाराचें मुख्य ठिकाण राजगड हेंच होतें.

समुद्राच्या रक्षणाचा विचार समुद्रकांठींच होतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. किनाऱ्यावर लढाई होते. पण आरमार बांधावें कीं न बांधावें, त्यावर किती खर्च करावा, परक्या जहाजांना कोठवर येऊं द्यावें, हे निर्णय बहुधा किनाऱ्यापासून दूर बसलेल्या माणसांच्या हातीं असतात. त्या माणसांना समुद्राचें ज्ञान असलें तर किनारा सुरक्षित राहतो. नसलें तर उत्तम खलाशी आणि बळकट तट असूनही तो हातचा जातो. पुणें प्रांतानें या दोन्ही गोष्टी अनुभवल्या आहेत.

श्रोत्यांनीं क्षणभर नकाशा डोळ्यांपुढें आणावा. वेल्ह्याच्या पश्चिमेस केळदजवळ मढे घाट आहे. भोरहून वरंध घाटाची वाट महाडकडे उतरते. या वाटा कड्यावरून कोकणांत नेतात, आणि खालीं सावित्री नदीच्या कांठीं महाडचें बंदर आहे, जेथवर पूर्वीं भरतीच्या पाण्याबरोबर गलबतें येत असत. घाटावरचें धान्य खालीं आणि खालचें मीठ, मासळी व नारळ वर, असा व्यवहार या वाटांनीं शतकानुशतकें चालला. पुढें पंतसचिवांचें भोर संस्थान झालें, तेंही या भूगोलाला धरूनच. त्याचे पांच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. प्रचंडगड म्हणजे वेल्ह्याचा तोरणा, विचित्रगड म्हणजे भोरचा रोहिडा. आणि सुधागड हा तालुका तर घाटाखालीं, कोकणांत पालीजवळ. घाटमाथ्याचा कारभारी कोकणाकडे डोळेझांक करूं शकत नसे, एवढें या यादीवरूनही कळतें.

इ. स. १६५७ च्या अखेरीस कल्याण व भिवंडी हीं ठाणीं स्वराज्यांत आलीं आणि राजगडच्या राज्याला खाडी मिळाली. खाडी मिळाली म्हणजे समुद्र मिळाला असें मात्र नव्हे. जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावरील गांवें लुटून बेटावर निघून जाई. घोडदळ कितीही चपळ असलें तरी पाण्याच्या कडेला त्याला थांबावेंच लागे. पोर्तुगीजांची तर अशी रीत होती, कीं त्यांचा परवाना घेतल्यावांचून कोणाच्याही व्यापारी जहाजानें समुद्रांत जाऊं नये. जमिनीवर स्वतंत्र असलेला राजा पाण्यावर परक्याच्या परवान्यानें वागेल, तर त्याचें स्वातंत्र्य अर्धेंच होय. हें राजगडावर ओळखलें गेलें, आणि १६५९ च्या सुमारास जहाजें बांधण्याचें काम सुरू झालें.

या कामाच्या आरंभींच एक बोधप्रद प्रसंग घडला. जहाजबांधणीची युरोपीय विद्या ठाऊक असलेला रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज आपल्या मुलासह शिवाजीमहाराजांच्या नोकरींत आला, आणि त्याच्या हाताखालीं तीनशेंहून अधिक माणसें कामास लागलीं. हीं जहाजें आपल्यावरच चालून येतील अशी धास्ती पोर्तुगीज अधिकाऱ्यांना वाटली. त्यांनीं आंतून संधान बांधलें, आणि हे कारागीर काम टाकून निघून गेले. उसनी विद्या उसनवार देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. या घटनेनंतर काम थांबलें नाहीं, हें महत्त्वाचें. कोळी, भंडारी आणि दर्यावर्दी मुसलमान यांच्या अंगच्या पिढीजात ज्ञानावर आरमार उभें राहिलें. २५ नोव्हेंबर १६६४ या दिवशीं सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला, आणि १६६५ च्या फेब्रुवारींत मालवणहून निघालेल्या ताफ्यांत ८५ लहान लढाऊ जहाजें व ३ मोठीं जहाजें होतीं. त्याच वर्षीं जूनमध्यें पुरंदरचा तह होऊन २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले. जे १२ राहिले त्यांत राजगड आणि तोरणा होते. एवढ्या संकटांतही आरमाराचें काम सोडून दिलें गेलें नाहीं, आणि १६७९ सालीं खांदेरीच्या बेटावर तट उभारतांना इंग्रजांच्या जहाजांना त्याचें प्रत्यंतर आलें.

अनुभव माणसाबरोबर नाहींसा होतो. तो ग्रंथांत उतरला तरच पुढच्या पिढीच्या हातीं लागतो. राजाराममहाराज जिंजीस असतांना ज्यांनीं महाराष्ट्रांत राज्य सांवरलें, त्यांत भोर घराण्याचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव आणि रामचंद्रपंत अमात्य हे दोघे प्रमुख होते. यांपैकीं रामचंद्रपंतांच्या नांवावर असलेल्या, सुमारें १७१५ च्या ‘आज्ञापत्रां’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हें राज्याचें गौण नव्हे तर स्वतंत्र अंग मानावें, पावसाळ्यांत जहाजें दरवर्षीं एकाच बंदरांत ठेवूं नयेत, जहाजांच्या लांकडासाठीं रयतेचे आंबे-फणस तिच्या संमतीवांचून तोडूं नयेत, टोपीकर व्यापारी असले तरी त्यांना किनाऱ्यालगत कायमची जागा देऊं नये, अशा सूचना त्यांत आहेत. लांकडापासून परराष्ट्रनीतीपर्यंत सर्व गोष्टी एका सूत्रांत ओंवणारी ही दृष्टि होती. आज जिला सागरी सुरक्षेचा अभ्यास म्हणतात, तो याहून निराळा नाहीं.

दुर्दैव असें, कीं हा ग्रंथ लिहिल्यानंतर अवघ्या चाळीस वर्षांत त्यांतील मुख्य सूचनेचा विसर पडला. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. पुढें त्यांच्या वारसांत दुही माजली, आणि तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीनासा झाला. त्याला नमविण्यासाठीं बाळाजी बाजीराव पेशव्यांनीं मुंबईच्या इंग्रजांची मदत घेतली. १७५५ सालीं सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारींत अॅडमिरल वॉटसनचीं जहाजें आणि क्लाइव्हचे सैनिक विजयदुर्गापुढें उभे राहिले, आणि बंदरांत नांगरलेलें आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. तुळाजीचा दोष लहान नव्हता. त्याच्या जहाजांनीं पेशव्यांच्या रयतेसही उपद्रव दिला होता. पण बंडखोर सरदार आणि राज्याचें आरमार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें पुण्याच्या दरबारांत कोणाला सुचलें नाहीं. विजयदुर्ग पुढें पेशव्यांस परत मिळाला. पण त्याच्या मोबदल्यांत बाणकोट इंग्रजांस द्यावें लागलें. बाणकोट म्हणजे सावित्रीचें मुख. ज्या खाडीनें महाडपर्यंत आणि महाडवरून वरंध्याच्या वाटेनें भोरपर्यंत जातां येतें, तिचें दारच परक्यांच्या हातीं गेलें. पुढें धुळपांनीं विजयदुर्गास नवें आरमार राखलें आणि शौर्यही गाजविलें. परंतु राजगडावर जी दृष्टि होती ती पुण्यास परत आली नाहीं.

राज्य गेल्यावर त्या दृष्टीचा शोध घेण्याचें काम विद्वानांकडे आलें. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि मावळांतील देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतले कागद उजेडांत येऊं लागले. विद्यापीठाच्या कक्षेंत हा विषय गंभीरपणें मांडणारा पुरुष मात्र बंगाली होता. कलकत्ता विद्यापीठांत अध्यापन करणारे सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२० सालीं सभासद बखरीचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि १९२८ सालीं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथांत त्यांच्या सागरी उद्योगाचा वृत्तान्त दिला. गोव्याच्या दप्तरखान्यांत पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं पोर्तुगीज कागद वाचले. व्हियेगसची हकीकत ज्या कागदांत आहे, ते पोर्तुगीज भाषेंत आहेत. मराठी बखरींत ती सांपडत नाहीं. भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांच्या आरमारावरील इंग्रजी ग्रंथ १९७३ सालीं निघाला. एका राज्याच्या आरमाराचा इतिहास जुळवावयास मोडी, फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा चार भाषांचे कागद लागले, आणि असें काम संस्थेच्या आश्रयावांचून होत नाहीं.

भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं विलीन झालें. पुढच्याच वर्षीं, १९४९ च्या फेब्रुवारींत, गणेशखिंडीच्या आवारांत पुणें विद्यापीठ सुरू झालें आणि डॉ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरु झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सिंहगडाच्या पायथ्याशीं खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसविण्यांत आली. तेथें भूदल, नौदल आणि वायुदल यांचे भावी अधिकारी एकत्र शिकतात. होडी वल्हविण्याचे आणि शिडें हांकण्याचे त्यांचे पहिले धडे खडकवासल्याच्या तलावांत होतात. त्या तलावांत वेल्ह्याच्या डोंगरांतून उतरणारें, पानशेतच्या धरणांत सांठलेलें आंबी नदीचें पाणी येतें. त्याच बाजूस गिरीनगर येथें शस्त्रास्त्रविद्येची संस्था आहे. ती १९५२ सालीं स्थापन झाली आणि २००० सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मात्र शस्त्र चालविणें आणि शस्त्र बनविणें याहून तिसरें एक काम असतें: शस्त्र कशासाठीं, कोणाविरुद्ध आणि किती, याचा विचार. १९६२ च्या चीनयुद्धानें ही उणीव तीव्रतेनें जाणवून दिली. १९६३ सालीं पुणें विद्यापीठांत या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. आज तो संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग म्हणून ओळखला जातो. त्याच विद्यापीठांत, १९६२ च्या नोव्हेंबरांत संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांच्या नांवानें आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि संरक्षण विश्लेषणाचें राष्ट्रीय केंद्रही आहे. २०१४ पासून विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांच्या नांवानें ओळखलें जातें. गणवेशांतला अधिकारी आणि गणवेश नसलेला नागरिक एकाच बाकावर बसून राष्ट्ररक्षणाचा विचार करतात, हें अशा विभागाचें खरें वैशिष्ट्य होय.

या विचाराची गरज पुस्तकी नाहीं. १९९३ सालीं मुंबईंत झालेल्या स्फोटांसाठीं लागलेली दारू व हत्यारें रायगड जिल्ह्यांत दिघी आणि शेखाडी येथें किनाऱ्यावर उतरविलीं गेलीं होतीं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं दहा हल्लेखोर ‘कुबेर’ या पळविलेल्या मासेमारी बोटीनें मुंबईपर्यंत आले, आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ किनाऱ्यास लागले. तेथें त्या अनोळखी तरुणांना प्रथम हटकलें तें कोळी माणसांनीं. त्यानंतर २००९ सालीं किनाऱ्यासह समुद्राच्या एकंदर सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे देण्यांत आली. परंतु या दोन्ही घटनांत जकातखातें, पोलीस, मासेमारी, कायदा आणि परराष्ट्रसंबंध इतक्या बाबी गुंतल्या होत्या, कीं कोणत्याही एका खात्याला त्या सगळ्या दिसणें कठीण होतें. प्रत्येक खातें आपली हद्द पाहतें. हद्दींमधल्या फटी पाहण्यास कोणी तरी मोकळें असावें लागतें. विद्यापीठ तसें मोकळें असतें. त्याला आज्ञा देतां येत नाहीं, पण प्रश्न विचारतां येतो. आणि १७५६ सालीं पुण्याच्या दरबारांत हवा होता तो नेमका असा प्रश्न विचारणारा माणूस.

२०२४ सालीं शासनानें वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय केला. २०२५ च्या जुलैंत जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्रावरचे आहेत आणि राजगड डोंगरावरचा आहे. एका यादींत ते शेजारीं बसले, हें योग्यच झालें. कारण ते एकाच विचारानें बांधलेले आहेत. किल्ल्यांचे दगड जतन करण्यास आतां जगाचें साहाय्य मिळेल. ज्या विचारानें डोंगरांत राहून समुद्र पाहिला, तो जिवंत ठेवणें मात्र येथल्या विद्यापीठांचें काम आहे, आणि तें अभ्यास करूनच होईल.